‘म’ म्हणजे २३५० : संगणकातल्या अक्षराचा मागोवा

संगणक शिकायला बसलेल्या माणसाच्या कानांवर पहिल्या काही दिवसांतच बिट, बाइट, कोड, फॉन्ट, युनिकोड हे शब्द पडू लागतात. प्रत्येकाची व्याख्या त्याला मिळते, ती पाठही होते. पण हे शब्द एकमेकांचे कोण लागतात, कोण आधी जन्मले आणि कोण कोणाच्या पाठीवर आले, हे सहसा कोणी सांगत नाही. वास्तविक ही सगळी मंडळी एकाच कुळातली आहेत आणि त्या कुळाचा मूळ प्रश्नही एकच आहे : केवळ खुणांच्या आधाराने लिहिलेला मजकूर दूरवर कसा पोचवायचा आणि टिकवायचा कसा? संगणकाच्या स्मृतीत अक्षरे नसतात. तिथे असतात विजेच्या दोन अवस्था, ज्यांना आपण शून्य आणि एक म्हणतो, आणि त्यांच्या रांगांमधून उभे राहिलेले आकडे. मराठीतला ‘म’ संगणकाच्या लेखी २३५० आहे, ‘र’ २३५२ आहे आणि ‘ळ’ २३५५. हे आकडे माणसांनी एकत्र बसून, वाद घालून, एकमेकांचे ऐकून ठरवले आहेत. तो करार कसकसा घडत गेला आणि त्याचे वर्तुळ कसे रुंदावत मराठीपर्यंत आले, हे पाहायचे तर आपल्याला विजेच्याही फार मागे जावे लागते.

ग्रीक इतिहासकार पॉलिबिअस याने इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात आपल्या इतिहासग्रंथाच्या दहाव्या खंडात मशालींनी निरोप धाडण्याची एक रीत नोंदवून ठेवली आहे. ग्रीक वर्णमालेतली २४ अक्षरे पाच फळ्यांवर वाटून लिहायची. डाव्या बाजूच्या मशाली फळीचा क्रमांक सांगणार आणि उजव्या बाजूच्या त्या फळीवरच्या अक्षराचा. दूरच्या टेकडीवरच्या माणसाला अक्षर दिसत नसे, दोन आकडे दिसत, आणि त्याच्याकडेही तशाच फळ्या असल्यामुळे तो अक्षर ओळखू शके. आपल्याकडे याच्या नेमका उलटा प्रवास झाला. पाचव्या शतकाच्या अखेरीस आर्यभटाने खगोलगणितातले मोठमोठे आकडे अक्षरांमध्ये बांधून श्लोकांत बसवले, आणि पुढे कटपयादी पद्धतीत तर प्रत्येक व्यंजनाला ठरीव अंक मिळाला. त्याच्याही कितीतरी आधी पिंगलाने छंदःशास्त्रात लघू आणि गुरू या दोनच खुणांच्या सर्व शक्य रचना क्रमाने मांडण्याची रीत दिली होती. त्या रीतीने पाच अक्षरांच्या चरणाचे प्रकार मांडत गेलो तर ते बरोबर ३२ भरतात. युरोपात पुढे जे घडले त्याच्याशी या परंपरेचा धागा जोडण्याचे कारण नाही. पण दोन खुणा, पाच जागा आणि ३२ रचना एवढे गणित आपण मनाशी धरून पुढे जाऊ, कारण ते लवकरच पुन्हा भेटणार आहे.

ते भेटते इ. स. १६२३ मध्ये, इंग्रज विचारवंत फ्रान्सिस बेकन याच्या लॅटिन ग्रंथात. तरुणपणी पॅरिसमध्ये असताना सुचलेली एक गुप्तलिपी बेकनने त्यात दिली आहे. तीत प्रत्येक अक्षरासाठी केवळ दोन खुणांची पाच जागांची रांग वापरायची. २४ अक्षरांच्या तत्कालीन वर्णमालेला ३२ रचना पुरून उरत. बेकनची दृष्टी मात्र गुप्तलिपीच्या पलीकडे गेली होती. ज्या कोणत्या वस्तूला दोन वेगळ्या अवस्था घेता येतात, मग ती घंटा असो, तुतारी असो, मशाल असो की बंदुकीचा बार असो, तिच्या साह्याने मनातला विचार कितीही दूर पोचवता येईल, असे त्याने लिहून ठेवले. विजेचे नाव त्याच्या यादीत नव्हते. ते जोडले जायला आणखी दोन शतके लागली.

२४ मे १८४४ रोजी सॅम्युएल मोर्सने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तार पाठवली आणि अक्षरांच्या इतिहासाने वेग घेतला. भारतात कोलकाता ते डायमंड हार्बर ही तारेची वाट विल्यम ओशॉनेसी याच्या देखरेखीखाली १८५१ पर्यंत उभी राहिली. तारखात्याने सुखदुःखाच्या बातम्या वाहून नेण्याचे ते काम जुलै २०१३ मध्ये सेवा बंद होईपर्यंत केले. मोर्सच्या लिपीत वारंवार येणाऱ्या अक्षराला छोटी खूण आणि क्वचित येणाऱ्याला लांब खूण होती. इंग्रजी ‘ई’ला एकच ठिपका पुरत असे. माणसाच्या कानाला हे सोयीचे होते, कारण अक्षर कुठे संपले हे तो मधल्या विरामावरून ओळखत असे. यंत्राला मात्र हा विराम जोखणे जड जाई. प्रत्येक अक्षर सारख्याच लांबीचे असेल तरच यंत्र न चुकता मोजत जाईल, हे ओळखून फ्रेंच तारखात्यातल्या एमिल बोदो या कर्मचाऱ्याने १८७४ मध्ये आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले. तीत प्रत्येक अक्षराला पाच जागा होत्या आणि प्रत्येक जागी वीज आहे किंवा नाही एवढेच पाहायचे होते. बेकनची पाच जागांची रांग अशी विजेच्या तारेवर चढली. बोदोच्या यंत्राला पाचच कळा असत, दोन डाव्या हाताच्या बोटांसाठी आणि तीन उजव्या. तारवाल्याने अक्षरागणिक त्या एकदम दाबायच्या आणि यंत्राच्या ठोक्याशी ताल राखायचा. ३२ जागांत रोमन अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे मावत नसल्यामुळे बोदोने दोन संकेत राखून ठेवले : एक म्हणे ‘यापुढे अक्षरे’, दुसरा म्हणे ‘यापुढे अंक’. आज मोबाइलच्या कळफलकावर अंक आणण्यासाठी आपण जी कळ दाबतो, तिची पूर्वज इथे सापडते.

यानंतरचे वळण न्यूझीलंडचा डोनाल्ड मरी याने १९०१ च्या सुमारास घेतले. तारवाल्याला पाच कळांचा ताल शिकवण्याऐवजी त्याच्यापुढे टाइपरायटरसारखा कळफलक ठेवायचा आणि संकेताची भोके यंत्रानेच कागदी फितीवर पाडायची, ही त्याची योजना. आता तारवाल्याची बोटे वेगळी आणि यंत्राचा संकेत वेगळा झाला, म्हणून कोणत्या अक्षराला कोणता संकेत द्यायचा हे यंत्राच्या सोयीने ठरवता आले. मरीने वारंवार येणाऱ्या ‘ई’ आणि ‘टी’ या अक्षरांना एकेकच भोक दिले, म्हणजे छिद्रे पाडणाऱ्या खिट्ट्यांची झीज कमी. कागदाचा गाडा ओळीच्या आरंभी आणणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे या दोन आज्ञाही त्याने अक्षरांच्याच रांगेत बसवल्या. इथे एक फार मोलाची गोष्ट घडली. फितीवरची सगळीच भोके अक्षरे राहिली नाहीत. काही भोके यंत्राला दिलेले हुकूम झाली. मजकूर आणि आज्ञा एकाच फितीवरून, एकाच रूपात धावू लागल्या. फितीवर चूक झाली तर काय करायचे, याचा उपायही याच काळातला आहे. पाडलेले भोक बुजवता येत नाही, पण उरलेल्या जागी भोके पाडता येतात. म्हणून पाचही भोके असलेली ओळ आली की ती सोडून पुढे जायचे, असा नियम झाला.

दरम्यान गणिताच्या दालनात वेगळीच तयारी चालली होती. लाइब्निट्सने १७०३ मध्ये केवळ शून्य आणि एक यांनी चालणाऱ्या अंकगणितावरचा निबंध प्रसिद्ध केला होता. जॉर्ज बूलने १८५४ मध्ये खरे-खोटेपणाचे बीजगणित रचले. १९३७ मध्ये क्लॉड शॅनन या तरुण विद्यार्थ्याने अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या आपल्या प्रबंधात दाखवून दिले की बूलचे बीजगणित विजेच्या बटणांच्या जोडणीत जसेच्या तसे उतरवता येते. त्याच शॅननने १९४८ मध्ये माहिती मोजण्याचे शास्त्र उभे केले आणि दोन पर्यायांपैकी एक निवडण्याच्या सर्वांत लहान मापाला जॉन टुकी या सहकाऱ्याने सुचवलेले ‘बिट’ हे नाव दिले. मरीच्या फितीवरचे भोक आणि पिंगलाचा लघुगुरू हे दोन्ही आता बिट या एका मापाने मोजता येऊ लागले. १९५६ मध्ये आयबीएममध्ये ‘स्ट्रेच’ या संगणकाची आखणी करताना वर्नर बुकहोल्ट्झ याने एका अक्षरापुरत्या बिटांच्या गटाला ‘बाइट’ म्हटले. तेव्हा बाइटमध्ये किती बिट असावेत हे पक्के नव्हते; सहा बिटांचा गट त्या काळी सर्रास चाले. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने ‘सिस्टीम ३६०’ ही संगणकमाला जाहीर केली, तीत फ्रेड ब्रूक्स यांच्या आग्रहाने बाइट आठ बिटांचा ठरला आणि पुढे जगभर तोच रूढ झाला. आठ जागांवर दोन खुणा म्हणजे २५६ रचना. लहान आणि मोठ्या लिपीतली इंग्रजी अक्षरे त्यात सहज मावली.

पण माप एक झाले तरी करार एक नव्हता. १९६० च्या सुमारास संगणकतज्ज्ञ बॉब बीमर यांनी संगणकांत वापरले जाणारे संकेत गोळा केले तेव्हा ते साठहून अधिक निघाले. एका यंत्राचा ‘ए’ दुसऱ्या यंत्राला कळत नव्हता. त्यावर तोडगा म्हणून अमेरिकी मानक संस्थेच्या समितीने १७ जून १९६३ रोजी ‘आस्की’ हा सात बिटांचा, १२८ जागांचा तक्ता मंजूर केला. लहान लिपीतली अक्षरे त्यात १९६७ च्या आवृत्तीत आली. हा तक्ता जवळून पाहण्यासारखा आहे. मोठ्या ‘ए’चा आकडा ६५ आणि लहान ‘ए’चा ९७, म्हणजे फरक ३२ चा, एका बिटाचा; तेवढा बिट पालटला की लहानाचे मोठे होते. शून्य ते नऊ हे अंक ४८ ते ५७ या जागांवर बसवले आहेत, त्यामुळे शेवटचे चार बिट वाचले की अंकाची किंमतच हाती येते. आणि तक्त्याच्या अगदी शेवटी, १२७ व्या जागी, सातही बिट एक असलेला ‘खोडा’ हा संकेत आहे. मरीच्या काळातली भोकांनी भरलेली ओळ ती हीच. ११ मार्च १९६८ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सरकारी खरेदीतल्या संगणकांना आस्की येणे सक्तीचे केले आणि हा करार जगावर पसरला. त्यात देवनागरीला, किंबहुना इंग्रजीखेरीज फारशा कोणाला, जागा नव्हती.

देवनागरीची अडचण छापखान्यांना जुनीच ठाऊक होती. निर्णयसागरसारख्या छापखान्यांच्या काळात जुळाऱ्यापुढे काना, मात्रा, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे यांचे शेकडो खिळे खणांत मांडलेले असत. लोकमान्य टिळकांनीही खिळ्यांची ही संख्या कमी करण्याच्या खटपटीत लक्ष घातले होते. प्रत्येक जोडाक्षराला वेगळा खिळा हवा, हीच रीत संगणकात आणली असती तर १२८ काय, २५६ जागाही अपुऱ्या पडल्या असत्या. १९७० आणि १९८० च्या दशकांत कानपूरच्या आयआयटीत आणि पुढे १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅकच्या ‘जिस्ट’ गटात मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे काम केले, त्याचे मर्म या प्रश्नाच्या उत्तरात आहे. साठवायचे ते उच्चाराच्या क्रमाने, मूळ वर्ण म्हणून. जोडाक्षर साठवायचेच नाही. ‘क्त’ हवे असेल तर क, हलन्त आणि त एवढेच लिहायचे आणि त्यांची आकृती पडद्यावर दाखवताना घडवायची. ‘कि’मधली वेलांटी डोळ्याला आधी दिसली तरी स्मृतीत क आधी आणि वेलांटी नंतर. शिवाय बंगाली, गुजराती, कन्नड, तेलुगू या सर्व लिप्या ब्राह्मीच्या वंशातल्या आणि त्यांचा वर्णक्रम एकच, म्हणून सगळ्यांना मिळून एकच तक्ता पुरतो. १९८३ आणि १९८८ च्या आवृत्त्यांनंतर १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झालेल्या ‘इस्की’ने आस्कीच्या पहिल्या १२८ जागा तशाच ठेवल्या आणि वरच्या १२८ जागांमध्ये भारतीय वर्ण बसवले. त्याच जोडीला ‘इनस्क्रिप्ट’ हा वर्णक्रमानुसारी कळफलक सरकारी इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्येच पुढे आणला होता.

व्यवहारात मात्र मराठीने पुढची पंधरावीस वर्षे वेगळीच वाट धरली. छपाईची घाई होती, टाइपरायटरवर शिकलेले हात तयार होते आणि संगणक आस्कीचाच होता. तेव्हा इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे काढणारे फॉन्ट निघाले : एका जागी उभी रेघ, दुसऱ्या जागी अर्धा प, तिसऱ्या जागी वेलांटी. पडद्यावर सुबक मराठी दिसे, कागदावर छापूनही येई. पण स्मृतीत पडून असत ती इंग्रजी अक्षरांचीच चिन्हे, आणि प्रत्येक फॉन्टचा तक्ता निराळा. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच समोर येई. शब्द शोधता येत नसे, नावांची अकारविल्हे लागत नसे, आणि मराठी संकेतस्थळाच्या डोक्यावर आधी फॉन्ट उतरवून घेण्याची सूचना लिहावी लागे. बीमर यांनी १९६० मध्ये मोजलेला गोंधळ मराठीच्या घरात तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा उभा राहिला होता.

त्यावरचा उपाय तोवर दूरवर आकार घेत होता. झेरॉक्समधल्या जो बेकर यांनी १९८८ मध्ये जगातल्या सर्व लिप्यांसाठी एकच तक्ता असावा असा आराखडा मांडला आणि ली कॉलिन्स व मार्क डेव्हिस यांच्यासह ते त्या कामाला लागले. जानेवारी १९९१ मध्ये युनिकोड कन्सॉर्शियमची स्थापना झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पहिली आवृत्ती आली. १६ बिटांत मावणाऱ्या ६५,५३६ जागा पुरतील ही आरंभीची कल्पना लवकरच तोकडी पडली आणि १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून जागा ११,१४,११२ झाल्या. भारतीय लिप्यांसाठी युनिकोडने १९८८ ची इस्की आधाराला घेतली आणि तिची मांडणी प्रत्येक लिपीच्या १२८ जागांच्या स्वतंत्र गटात उतरवली. म्हणूनच देवनागरी ‘क’ २३२५ वर, बंगाली ‘क’ त्यापुढे १२८ घरांवर म्हणजे २४५३ वर, आणि कन्नड ‘क’ सात गट ओलांडून ३२२१ वर आहे. कानपूर-पुण्यातल्या त्या वर्णक्रमाच्या निर्णयाची खूण आज जगातल्या प्रत्येक संगणकात अशी कोरलेली आहे.

आकडा ठरला, पण तो बाइटांत कसा लिहायचा हा प्रश्न उरला होता. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत जेवता जेवता केन टॉम्प्सन यांनी रॉब पाइक यांच्यासमोर टेबलावरच्या कागदी आच्छादनावर त्याचे उत्तर मांडले. तेच आजचे यूटीएफ-८. आस्कीच्या १२८ अक्षरांना पूर्वीप्रमाणे एकच बाइट, पुढच्यांना दोन, तीन किंवा चार. आपला ‘म’ घेऊन ही रीत पाहू. २३५० ही संख्या शून्य-एकांत लिहिली की १००१००१०१११० अशी होते. शेवटचे सहा बिट एका बाइटात, त्याआधीचे सहा दुसऱ्या बाइटात ठेवायचे, आणि दोन्हींच्या आरंभी १० हे चिन्ह लावायचे. सर्वांत पुढे १११० ने सुरू होणारा बाइट, जो सांगतो की हे अक्षर तीन बाइटांचे आहे. अशा रीतीने ‘म’ म्हणजे २२४, १६४ आणि १७४ हे तीन बाइट झाले. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी मिळून पाच संकेत, म्हणजे १५ बाइट, १२० बिट. जुन्या मोबाइलवर इंग्रजी संदेशात १६० अक्षरे मावत आणि मराठी संदेशात ७०, त्याचेही कारण हेच : सात बिटांच्या अक्षरांना आखलेल्या त्याच १४० बाइटांत १६ बिटांची अक्षरे बसवावी लागत.

२००० साली विंडोज प्रणालीत देवनागरीची सोय आली. तिच्यासोबतचा ‘मंगल’ हा फॉन्ट मुंबईच्या आयआयटीत अध्यापन केलेले मराठी कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला होता. आकडा आणि आकृती यांची फारकत आता पूर्ण झाली. मराठी वळणाचा ‘ल’ आणि हिंदी वळणाचा ‘ल’ डोळ्याला वेगळे दिसतात, पण दोघांचा आकडा एकच. वळण कोणते दाखवायचे हे फॉन्टने पाहायचे. याउलट काही ठिकाणी मराठीला स्वतंत्र आकडा हवाच होता. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. दोन्ही शब्दांत द, हलन्त, य आणि काना तेच, फक्त पहिल्यात २३५२ चा र आहे आणि दुसऱ्यात २३५३ चा. एका आकड्याच्या फरकाने समुद्राच्या दऱ्या होतात. ‘ॲ’ला एप्रिल २००८ पर्यंत स्वतःची जागाच नव्हती, लोक हिंदीतला ‘ऍ’ वापरत किंवा अ वर चंद्र जोडत. त्या महिन्यात आलेल्या ५.१ या आवृत्तीत त्याला २४१८ हा आकडा मिळाला, आणि नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमालेतही त्याला स्थान दिले. जून २०१४ मध्ये मोडी लिपीही युनिकोडमध्ये आली. तिचा गट ७१,१६८ पासून सुरू होतो, मूळच्या ६५,५३६ च्या हद्दीबाहेर. १९९१ चा करार पुढे वाढवला गेला नसता, तर ज्या लिपीत पेशवे दफ्तर लिहिले गेले तिला तिथे जागा मिळणे कठीण होते.

मशालीपासून मोडीपर्यंतचा हा रस्ता चालून आल्यावर बिट, बाइट, कोड आणि फॉन्ट या शब्दांची नाती आपल्याला स्पष्ट दिसतात. बिट ही खूण, बाइट हा खुणांचा गठ्ठा, कोड हा खुणांचा अर्थ ठरवणारा करार आणि फॉन्ट ही त्या कराराची दर्शनी आकृती. यांतला करार सर्वांत नाजूक आणि सर्वांत महत्त्वाचा. पॉलिबिअसच्या निरोप्याला समोरच्या माणसाकडेही त्याच फळ्या असाव्या लागत, आणि आजही नियम तोच आहे. मराठीच्या खासगी तक्त्यांच्या काळातली असंख्य पुस्तके, मासिकांचे अंक, संस्थांचे अहवाल आणि लेखकांची हस्तलिखिते अजून जुन्या फाइलींत पडून आहेत. त्यांचे कागद शाबूत असतील, पण फाइलींची फळी फक्त एका फॉन्टपाशी आहे, आणि तो फॉन्ट चालवणारे संगणक दरवर्षी कमी होत आहेत. ते लेखन युनिकोडमध्ये आणण्याची साधने आज उपलब्ध आहेत, ती रूपांतरे तपासून दुरुस्त करू शकणारे, दोन्ही काळ पाहिलेले जुळारी आणि अक्षरजुळणीकार आज आपल्यात आहेत. म्हणून संगणकाची पहिली पायरी चढणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने आपले लेखन युनिकोडमध्येच करावे, आणि ज्यांच्या कपाटांत जुन्या फाइली आहेत त्यांनी त्या याच पिढीत बदलून घ्याव्यात. २३५० हा आकडा मिळवायला फार मोठा काळ आणि फार माणसे लागली. त्या आकड्यात लिहिलेली मराठी यापुढे कोणत्याही यंत्रावर मराठी म्हणूनच उघडेल.